नाना, गाडी कुठे बदलू?

या महिन्याच्या पत्रांत पाच पत्रं एकाच जागेबद्दल निघाली: पुण्यातल्या शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या दोन्ही मार्गिका जिथे एकमेकींना ओलांडतात, ते. मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली चौदा दौंडला. त्यामुळे जंक्शन म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. मेट्रोत मी नोकरी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण घड्याळ, पाण्याची बाटली आणि डावा दुखरा गुडघा एवढं सामान घेऊन गेल्या आठवड्यात दोन दुपारी तिथे जाऊन आलो आणि मगच लिहायला बसलो.

“नाना, नमस्कार. वय 71, राहणार कोथरूड. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मंडईत जाते, भाजीला नव्हे, धाकट्या बहिणीकडे. वनाजला बसते, खिडकीतून नदी बघते, इथवर सगळं छान. मग जिल्हा न्यायालयाला उतरायचं आणि खाली जायचं. अजून खाली. अजून खाली! सरकत्या जिन्याची मला भीती वाटते. दोन्ही गाड्या एकाच फलाटावर समोरासमोर आणल्या असत्या तर काय बिघडलं असतं? एवढी विहीर खणायची गरज होती का?”

ताई, विहीर हा शब्द तुम्ही नेमका वापरलात. खालचा फलाट जमिनीपासून सुमारे 33 मीटर खोल आहे. तीन मीटरचा एक मजला धरला तर अकरा मजली इमारत उलटी करून कातळात पुरल्यासारखं झालं. देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणती होते. आणि तुम्ही उतरता ती वनाजची गाडी जमिनीवरही नसते, ती खांबांवर असते. म्हणजे तुमची उतरण तेहतीस मीटरच्या आधीच सुरू होते.

आता हे असं का, ते सांगतो. पिंपरीकडून येणारी गाडी दापोडी-बोपोडीपर्यंत पुलावरून येते, पण पुढे तिला कसबा आणि मंडई गाठायची आहे. तिथल्या बोळांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे खांब कुठे रोवणार? म्हणून शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाचही स्थानकं भुयारात गेली. जिल्हा न्यायालय आणि कसबा यांच्यामध्ये आहे मुठा. बोगदा नदीच्या तळाखालून न्यायचा तर डोक्यावर पुरेसा कातळ राहायला हवा. आणि मेट्रोची गाडी म्हणजे काही घाटातला ट्रक नाही, शंभर मीटर अंतरात तीन-चार मीटरपेक्षा जास्त चढ-उतार तिला चालत नाही. स्थानक उथळ ठेवून नदीशी आल्यावर एकदम बुडी मारता येत नाही. नदीखाली जायचं तर स्थानकापासूनच खाली असावं लागतं.

तुमची वनाजची गाडी मात्र डेक्कनपासून नदीच्या काठाकाठानं खांबांवरून येते आणि इथून पुढे संगमाजवळ मुठा ओलांडून आरटीओकडे जाते, पुलावरून. म्हणजे बघा, नदी एकच. एक गाडी तिच्या डोक्यावरून जाते, दुसरी पोटाखालून. त्या दोघींना एका फलाटावर आणणं म्हणजे घारीला आणि घुशीला एका पंगतीला बसवणं.

समोरासमोरचा फलाट ही कल्पना वेडगळ मुळीच नाही, बरं का. माझी भाची सिंगापूरला असते. तिथे सिटी हॉल आणि रॅफल्स प्लेस ही लागोपाठची, 1987 मध्ये सुरू झालेली दोन स्थानकं अशीच आहेत. या गाडीतून उतरा, फलाटाची रुंदी ओलांडा, समोरच्या गाडीत बसा. एका स्थानकावर एका बाजूला जाणाऱ्यांची सोय, दुसऱ्यावर उलट बाजूच्यांची. भाची म्हणते, पाच-सात पावलं. पण त्यासाठी दोन्ही मार्ग काही अंतर शेजारी शेजारी धावावे लागतात, आणि ते पहिल्या दिवसापासून तसेच आखावे लागतात. पुण्यात दोन रेघा अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदतात. अधिकच्या चिन्हाला शेजार नसतो.

मी दोन्ही दिवस घड्याळ लावलं. वरच्या गाडीचं दार उघडल्यापासून खालच्या फलाटाला पाय लागेपर्यंत पहिल्या दिवशी पावणेआठ मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सव्वासहा, कारण वाट माहीत झाली होती. मध्ये थांबलो नाही, दोन्ही दिवस सरकत्या जिन्यानं उतरलो. आता हिशेब बघा. सरकता जिना साधारण सेकंदाला अर्धा मीटर सरकतो आणि तीस अंशांत कललेला असतो. म्हणजे सेकंदाला पाव मीटर उंची. नुसते जमिनीखालचे 33 मीटर उतरायला 132 सेकंद लागले. सव्वादोन मिनिटं आपण काहीही न करता उभे असतो, आणि यात वरच्या फलाटापासून जमिनीपर्यंतचं उतरणं आणि दोन जिन्यांमधलं चालणं धरलेलंच नाही.

दौंडला आमचे टाइमटेबलवाले साहेब दोन गाड्यांच्या मध्ये दहा मिनिटं ठेवायचे आणि ‘कनेक्शन आहे’ म्हणायचे. नगरहून आलेली म्हातारी, डोक्यावर गाठोडं, कडेवर नातू, पूल चढून पलीकडे उतरून सोलापूरच्या गाडीत दहा मिनिटांत बसेल का, हे त्यांनी पुलाला विचारायला हवं होतं. नकाशावर दोन रंगांच्या रेघा जिथे भेटतात तिथे एक पांढरा ठिपका काढतात. त्या ठिपक्याच्या पोटात सव्वासहा मिनिटं आहेत, तुमच्या चालीनं दहा. तेव्हा बहिणीला ‘अर्ध्या तासात पोचते’ म्हणून फोन कराल तर त्यात ही दहा धरा. नाहीतर ती बिचारी चहा दोनदा उकळवेल.

राहिली जिन्याची भीती. ती मला कळते. आमच्या सौभाग्यवतींचा पदर एकदा एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या कडेला अडकला होता. शेजारच्या मुलीनं प्रसंगावधान राखून लाल बटण दाबलं म्हणून पदरावर निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जिन्याशी आलं की पदर कमरेला खोचायचा, निऱ्या एका हातानं किंचित उचलायच्या, दुसरा हात पट्ट्यावर. पाऊल पिवळ्या रेघांच्या मधोमध. चपलेला सुटा पट्टा असेल तर ती चप्पल त्या दिवशी घरी. आणि उतरल्यावर तिथेच थांबून ‘आता कुठे’ करायचं नाही, मागून माणसं येत असतात. हे सगळं नको असेल तर सरळ लिफ्ट बघा, त्यात कमीपणा नाही. फक्त एकाच लिफ्टनं वरून तळापर्यंत जाता येईल असं धरून चालू नका, टप्प्यानं उतरायची तयारी ठेवा.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी मी खाली पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. इतक्या खोलात, आणि वर बघतो तर छपरातून ऊन आत येतंय! बांधणाऱ्यांनी वरून उजेड थेट तळापर्यंत उतरेल अशी मोकळी जागा ठेवली आहे. खाली उन्हाचा एक लांबट तुकडा पडला होता, चटईएवढा. एक चार-पाच वर्षांचं पोरगं त्या तुकड्यात उडी मारत होतं, बाहेर येत होतं, पुन्हा आत उडी. त्याची आई मोबाइलवर. मी गाडी सोडून दिली आणि बघत बसलो. पाचेक मिनिटांत तो तुकडा हातभर सरकला, पोरगंही सरकलं. ताई, मंगळवारी जाल तेव्हा दुपारी बारा-साडेबाराची वेळ साधा.

“पिंपरीहून रोज कल्याणीनगरला नोकरीला जातो. पहिल्या दिवशी गाडी बदलताना गडबडीत गेटमधून बाहेर पडलो आणि पुन्हा तिकीट काढावं लागलं. दोन मार्गिका म्हणजे दोन तिकिटं, असं असतं का?”

नाही. पिंपरी ते कल्याणीनगर हे एकच तिकीट. बदलताना गेट ओलांडायचंच नाही, आतल्या आत पाट्या बघत जायचं. तुम्ही गेटवर तिकीट दाखवलंत म्हणजे गेटच्या लेखी तुमचा प्रवास संपला, मग ते तुम्हाला पुन्हा कसं ओळखणार? यंत्राला दयामाया नसते. आमच्या वेळी तिकीट तपासनीसाला निदान हात जोडता यायचे. किमान भाडं दहा रुपये आहे, तेव्हा त्या दिवशीचा धडा स्वस्तात पडला असं समजा. कागदी तिकीट असेल तर शेवटच्या गेटपर्यंत जपून ठेवा. खिशात चुरगाळलेला क्यूआर कोड वाचता न आल्यामुळे गेटशी तिकीट मांडीवर ठेवून सपाट करणारे एक गृहस्थ मी पाहिले. मागची रांग त्यांना सूचना देत होती.

“मी वकील आहे. बाहेरगावचे पक्षकार फोन करतात, ‘साहेब, सिव्हिल कोर्ट की जिल्हा न्यायालय, कुठं उतरू?’ काही जण तर शिवाजीनगरलाच उतरतात. एकाच स्थानकाला इतकी नावं कशासाठी?”

वकीलसाहेब, तारखा बदलण्याचा अनुभव तुम्हाला आहेच, इथे नाव बदललं. 1 ऑगस्ट 2023 ला, टिळक पुण्यतिथीच्या दिवशी, हे स्थानक सुरू झालं तेव्हा पाटीवर ‘सिव्हिल कोर्ट’ होतं. नंतर ‘जिल्हा न्यायालय’ झालं. लोकांच्या तोंडी अजून पहिलंच नाव आहे, आणि मुरलेले शिवाजीनगरकर तर ‘धान्य गोदामापाशी’ म्हणतात, कारण त्या जागेवर सरकारी धान्याची गोदामं होती. तिन्ही एकच.

याच फेऱ्यात बुधवार पेठेचं कसबा पेठ झालं. आणि भोसरीचं नाशिक फाटा झालं ते तर व्हायलाच हवं होतं. भोसरी नावाच्या स्थानकावर उतरून भोसरी शोधणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. स्थानक मुंबई-पुणे रस्त्यावर आणि गाव तिथून चांगलंच आत. रेल्वेचा एक जुना दंडक आहे: नाव असं हवं की परगावच्या माणसाला उतरल्यावर रडू येणार नाही.

तुमच्या पक्षकारांना असं सांगा: मेट्रोत ‘जिल्हा न्यायालय’ ऐका, रिक्षावाल्याला ‘कामगार पुतळा’ म्हणा. आणि शिवाजीनगर हे आधीचं, वेगळं स्थानक आहे, तिथे उतरू नका. पुकारा दहा-अकरा वाजता व्हायचा असेल तर त्यांना वीस मिनिटं लवकर बोलवा. पिंपरीकडून येणारा पक्षकार त्या विहिरीतून वर येणार आहे.

“हिंजवडीची मार्गिका जिल्हा न्यायालयापाशीच संपते. तीच गाडी पुढे स्वारगेटला का नाही नेत? आयटीवाल्यांनी काय जन्मभर गाड्याच बदलायच्या?”

तुमची चीड समजते, पण हे रूळ जोडण्याइतकं सोपं नाही. माणहून निघून विद्यापीठ चौकातून येणारी ही 23 किलोमीटरची, 23 स्थानकांची मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. बाकीच्या दोन महामेट्रोच्या. समजा उद्या दोघांनी हात मिळवले, तरी वीज आडवी येते. महामेट्रोच्या गाड्या डोक्यावरच्या तारेतून 25 हजार व्होल्टची एसी वीज घेतात. हिंजवडीची गाडी रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्टची डीसी. एकीच्या घरात दुसरी गेली तर उपाशी उभी राहील.

हे दुखणं मी जवळून पाहिलेलं आहे. मुंबईपासून पुण्यापर्यंत रेल्वेला 1,500 व्होल्टची डीसी वीज होती आणि पुण्याच्या पुढे दौंडकडे तारच नव्हती. त्यामुळे मुंबईहून आलेल्या गाडीचं विजेचं इंजिन पुण्यात काढायचं आणि डिझेलचं लावायचं. पुढे मुंबईकडचे मार्ग एसीवर आणायचे ठरलं, तेव्हा ते टप्प्याटप्प्यानं करता करता वर्षं गेली. मधल्या काळासाठी दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं मुद्दाम बनवावी लागली. दौंडला तर आणखी मजा. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणारी गाडी आमच्याकडे चुकीच्या तोंडानं यायची. इंजिन काढा, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला लावा, ब्रेकचं प्रेशर बघा, मग निघा. तोवर प्रवासी दोन वडापाव खाऊन व्हायचे. पुढे दौंडला वळसा घालणारी कॉर्ड लाईन आणि तिच्यावर वेगळं स्टेशन झालं तेव्हा बऱ्याच गाड्यांचा हा खोळंबा संपला. वडापाववाल्याचाही धंदा बसला, ते वेगळं.

आणि समजा वीजही एक केली, तरी हिंजवडीची गाडी खांबांवर आणि स्वारगेटची कातळात. तिला खाली उतरवायला लागणारा उतार मोजा म्हणजे तो पुन्हा शिवाजीनगरच्याही मागे जातो. तेव्हा इथे माणसांनीच चालायचं, हे ठरलेलं आहे. माझं भांडण एवढंच, की चालायचंच असेल तर ते चालणं सावलीतलं, रुंद आणि एका नजरेत कळणारं असावं. पादचारी पुलाची रुंदी ठरवताना सकाळी नऊची गर्दी डोळ्यांपुढे ठेवावी, उद्घाटनाच्या दिवशीची नव्हे.

“नाना, मी सातवीत आहे. शाळेत प्रकल्प आहे. भारतात तीन मेट्रो मार्गिका एकत्र येतात असं स्टेशन कुठे आहे? तुम्ही पाहिलं आहे का?”

पाहिलं आहे, बाळ. दिल्लीचं कश्मीरी गेट. 2019 साली आम्ही दोघं हरिद्वारहून परतताना तिथल्या मोठ्या बसस्थानकात उतरलो आणि शेजारीच मेट्रोत शिरलो. तिथे लाल मार्गिका वर खांबांवर आहे, ती 2002 मध्ये सुरू झाली, दिल्लीतली सगळ्यात पहिली. पिवळी जमिनीखाली, 2004 ची. आणि जांभळी, तीही जमिनीखाली, 2017 ची. म्हणजे पंधरा वर्षांत एकेक करून तिघी जमल्या. आमच्याकडे दोन बॅगा आणि गंगाजलाचा पाच लिटरचा कॅन होता. लालवरून पिवळीकडे जाताना तुझ्या आजींनी तो कॅन तीन वेळा खाली ठेवला, त्यावरून मी अंतराचा अंदाज बांधला. प्रकल्पात ‘कॅन’ हे माप लिहू नकोस, बाईंना कळणार नाही.

आपल्या राज्यातलं उदाहरण हवं तर मुंबईतलं मरोळ नाका घे. तिथे दोनच मार्गिका आहेत, पण जिल्हा न्यायालयासारखीच रचना: वर्सोवा-घाटकोपरची गाडी वर खांबांवर, 2014 पासून, आणि आरेहून कफ परेडला जाणारी खाली भुयारात. भुयारातली तिथे 2024 मध्ये धावू लागली. चित्र काढायला हे सोपं पडेल. आधी जमिनीची रेघ मार, एक गाडी तिच्या वर काढ, एक खाली.

आणि तुझ्यासाठी एक गणित. 33 मीटर खोली, एक पायरी 15 सेंटीमीटर उंच. किती पायऱ्या झाल्या? उत्तर पोस्टकार्डावर पाठव. खात्री करायला प्रत्यक्ष मोजायच्या असतील तर वडिलांना बरोबर ने. तू सरकत्या जिन्यावर उभी राहा, आणि बाबांना शेजारच्या साध्या जिन्यानं मोजत चढायला सांग.